नांव आणि जागा: संकेतस्थळाच्या मालकांनीं जाणून घ्यावयाच्या कांहीं गोष्टी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळची प्रार्थना आटोपल्यावर एक पालक आमच्याकडे आले व संकोचानें म्हणाले, "सर, आपल्या शाळेच्या संकेतस्थळावर हल्लीं काय असतें, हें आपण पाहिलें आहे काय?" असें म्हणून त्यांनीं आपला फोन आमच्यापुढें धरला. वरच्या पट्टींत आमच्या शाळेचें नांव होतें, अक्षर न् अक्षर तेंच; आणि त्याखालीं पत्त्यांच्या जुगाराची भडक जाहिरात! वार्षिक परीक्षेचा निकाल पाहण्यास गेलेल्या त्यांच्या सातवींतील कन्येनें ती प्रथम पाहिली होती.

चौकशीअंतीं उलगडा झाला तो असा. दहा-बारा वर्षांपूर्वीं आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें, कॉलेजांत शिकत असतांना, मोठ्या प्रेमानें शाळेसाठीं संकेतस्थळ तयार करून दिलें. त्याचें नांव त्यानेंच स्वतःच्या खर्चानें, स्वतःच्या नांवावर व कॉलेजनें दिलेल्या ई-मेलच्या पत्त्यावर नोंदविलें. पुढें तो नोकरीनिमित्त परदेशीं गेला. कॉलेजचा पत्ता बंद पडला. नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पत्त्यावर गेल्या, त्या कोणीं वाचल्या नाहींत. मुदत संपली, आणि तें नांव कोणा परक्यानें पैसे भरून रीतसर घेतलें. त्या विद्यार्थ्यास आम्ही दोष देत नाहीं. त्या नांवाचा उपयोग आम्हीं इतकीं वर्षें केला, पण तें कोणाच्या नांवावर आहे हें एकदांही विचारलें नाहीं. तेव्हां दोष आमचाच.

ही गोष्ट केवळ शाळेपुरती नाहीं. आमच्या पालकांपैकीं कोणी लोणचीं-मसाल्यांचा घरगुती उद्योग चालवितात, कोणी मंगल कार्यालय, कोणी दवाखाना. आणि बहुतेकांचें आतां स्वतःचें संकेतस्थळ आहे, किंवा तें करावें असा त्यांचा विचार आहे. म्हणून त्या प्रसंगानें आम्हांस जें शिकावें लागलें, तें येथें क्रमानें मांडीत आहों.

१. दोन वस्तु वेगळ्या आहेत

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की करावी: संकेतस्थळाचें नांव वेगळें व त्याची जागा वेगळी. संकेतस्थळ म्हणजे कांहीं पृष्ठें, चित्रें व आज्ञावल्या यांचा संच होय. हा संच कोणत्या तरी संगणकांत ठेवावा लागतो, आणि तो संगणक अहोरात्र चालू व जगाशीं जोडलेला असावा लागतो. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात, व त्यांतील जागा भाड्यानें देण्याच्या व्यवसायास होस्टिंग म्हणतात. लोक ज्या अक्षरांनीं त्या जागेचा शोध घेतात, तें डोमेन नेम. एखाद्या व्यापाऱ्यानें बाजारपेठेंतील गाळा सोडून दुसरा घेतला, तरी दुकानाचें नांव तो बरोबर नेतो. तसेंच येथेंही आहे. जागा बदलली तरी नांव टिकवितां येतें. परंतु नांव गेलें, तर जागेंत माल भरलेला असूनही गिऱ्हाईक दुसऱ्याच दारीं जाऊन उभें राहतें.

या दोन वस्तु पुष्कळदां एकाच दुकानांत, एकाच पावतीवर विकत मिळतात. म्हणून त्या एकच आहेत असा समज होतो, आणि पुढील बहुतेक अडचणींचें मूळ या समजांत असतें.

२. नांवाची गरज कां पडली

संगणक एकमेकांस अंकांनीं ओळखतात. प्रत्येक सर्व्हरास एक अंकमय पत्ता असतो. जुन्या पद्धतींत तो ० पासून २५५ पर्यंतच्या चार संख्यांचा असतो. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारें ४२९ कोटी होते. पृथ्वीवरील यंत्रांस ती पुरेना, म्हणून त्याहून कितीतरी लांब पत्त्यांची नवी पद्धत निघाली. आज दोन्ही पद्धति शेजारीं शेजारीं चालू आहेत. परंतु मनुष्याच्या स्मरणांत अंक टिकत नाहींत, नांव टिकतें.

आरंभीं, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंतील अर्पानेट नांवाच्या जाळ्यावर संगणक थोडे होते. त्यांचीं नांवें व अंक यांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफोर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेंत ठेवलेली असे. तेथील माहिती-केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर या बाई होत्या. कोणास नवा संगणक जोडावयाचा असेल, तर तेथें कळवावें लागे, आणि इतर सर्वांनीं ती यादी वरचेवर उतरून घ्यावी. संगणक वाढले, तशी ही रीत मोडकळीस आली. तेव्हां पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं नवी योजना मांडली. एक यादी एका ठिकाणीं ठेवण्याऐवजीं प्रत्येक विभागाची यादी त्या त्या विभागानें सांभाळावी, आणि वरच्यानें खालच्याचा ठावठिकाणा तेवढा सांगावा, हें त्या योजनेचें सार होय. आज कोट्यवधि नांवांचा कारभार याच तत्त्वावर चालतो. 'कॉम' या विभागांतील पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं सिंबॉलिक्स नांवाच्या कंपनीनें नोंदविलें.

३. नांव उजवीकडून वाचावें

आपल्या टपालाच्या पाकिटावर प्रथम व्यक्तीचें नांव, मग गल्ली, गांव, तालुका, जिल्हा व राज्य असतें. पत्र वांटणारें खातें मात्र तें खालून वर वाचतें: आधीं राज्य, मग जिल्हा, मग गांव, आणि सर्वांत शेवटीं माणूस. संकेतस्थळाचें नांवही असेंच, शेवटाकडून वाचावयाचें असतें. समजा, नांव आहे 'ग्रंथालय.शाळा.इन'. यांतील 'इन' हा भारताचा विभाग. त्यांत 'शाळा' हें नोंदलेलें नांव. आणि 'ग्रंथालय' ही त्या मालकानें आपल्या हद्दींत पाडलेली एक खोली.

आपण नांव टाइप करितों, तेव्हां पडद्याआड काय घडतें तें पाहा. आपला संगणक एका मदतनीस सर्व्हराकडे चौकशी करितो. त्यास उत्तर ठाऊक नसेल, तर तो मूळ सर्व्हरांकडे जातो. या मूळ सर्व्हरांचीं नांवें तेरा आहेत, आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत. मूळ सर्व्हर सांगतो, "मला शाळेचा पत्ता ठाऊक नाहीं, पण 'इन' विभागाचें दफ्तर अमुक ठिकाणीं आहे." तें दफ्तर सांगतें, "'शाळा' या नांवाची नोंद अमुक नेम-सर्व्हराकडे आहे." तो नेम-सर्व्हर शेवटीं खरा अंकमय पत्ता देतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होतें. पुन्हा पुन्हा धांवाधांव नको म्हणून मदतनीस तें उत्तर कांहीं काळ लक्षांत ठेवतो. किती काळ, हें नांवाचा मालक सेकंदांत ठरवितो. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. म्हणूनच जागा बदलल्यावर कांहीं जणांस नवें संकेतस्थळ दिसतें व कांहींस जुनेंच दिसत राहतें. यांत घाबरण्यासारखें कांहीं नसतें. जुनें उत्तर विसरलें जाईपर्यंत वाट पाहावी, आणि तोंपर्यंत जुनी जागा सोडूं नये.

उजवीकडून वाचण्याची ही संवय प्रत्येक विद्यार्थ्यानें लावून घ्यावी, कारण ती ठकांपासून रक्षण करिते. एखाद्या पत्त्याच्या आरंभीं आपल्या बँकेचें नांव असलें, पण शेवटीं भलतेंच नांव व 'कॉम' असलें, तर तो पत्ता त्या भलत्या मालकाचा होय, बँकेचा नव्हे. याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०२५ मध्यें भारतांतील बँकांसाठीं 'बँक.इन' हा राखीव विभाग जाहीर केला, व बँकांनीं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथें यावें असें ठरविलें. पत्त्याच्या आरंभीं 'एचटीटीपीएस' हीं अक्षरें असलीं, म्हणजे वाटेंत आपला मजकूर कोणास वाचतां येत नाहीं इतकेंच सिद्ध होतें. पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे असें त्यानें सिद्ध होत नाहीं.

४. नांव विकत मिळत नाहीं, मुदतीनें मिळतें

"आम्हीं नांव विकत घेतलें," असें लोक म्हणतात. तें खरें नव्हे. शेताच्या सात-बाऱ्यावर आपलें नांव लागलें, म्हणजे तें वर्षानुवर्षें राहतें. डोमेन नेम मात्र मुदतीच्या भाडेपट्ट्यासारखें आहे. पट्टा एका वर्षापासून, बहुतेक विभागांत, अधिकांत अधिक दहा वर्षांपर्यंत घेतां येतो, आणि मुदतींत शुल्क भरलें तर पुढें चालूं राहतो. या व्यवहारांत तिघे असतात. विभागाचें मुख्य दफ्तर सांभाळणारी संस्था हा पहिला पक्ष. आपल्या 'इन' विभागाचें काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही २००३ सालीं स्थापन झालेली संस्था पाहते. त्या दफ्तरांत नोंद करून देणारा परवानाधारक नोंदणीदार हा दुसरा. आपण पैसे भरतों ते त्याच्याकडे. आणि ज्याच्या नांवावर नोंद होते तो धारक, हा तिसरा. जगांतील या नांवांचा एकंदर मेळ राखण्याचें काम १९९८ सालीं स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करिते.

मुदत संपली कीं काय होतें? 'कॉम'सारख्या विभागांत नोंदणीदारानें मुदतीपूर्वीं सुमारें एक महिना व सुमारें एक आठवडा अशा दोन सूचना धाडाव्या, आणि मुदत उलटल्यावर आणखी एक धाडावी, असा आयकॅनचा नियम आहे. मुदतीनंतर नोंदणीदाराच्या धोरणाप्रमाणें कांहीं दिवसांची, फार तर ४५ दिवसांची, सवलत मिळूं शकते. त्यानंतर नांव काढून टाकलें, तर ३० दिवस तें दंड भरून सोडवितां येतें. पुढें ५ दिवस तें कोणासच मिळत नाहीं. आणि मग तें सर्वांस खुलें होतें. खुलें होण्याची वाट पाहणारीं यंत्रें टपून बसलेलीं असतात. जुन्या, ओळखीच्या नांवाकडे लोक आपण होऊन येतात, म्हणून जुगाराच्या व्यापाऱ्यांस अशीं नांवें विशेष हवीं असतात.

असा विसर केवळ गरीब शाळांसच पडतो असें मात्र नाहीं. १९९९ च्या नाताळाच्या सुमारास मायक्रोसॉफ्ट ही बलाढ्य कंपनी आपल्या 'पासपोर्ट' या सेवेच्या नांवाचें शुल्क भरण्यास विसरली, आणि हॉटमेलच्या पुष्कळ ग्राहकांस आपलें टपाल उघडेना. शेवटीं अमेरिकेंतील एका संगणकतज्ज्ञानें पदरचे ३५ डॉलर भरून तें नांव चालू करून दिलें. एवढा उदार परका मनुष्य प्रत्येकास भेटेलच असें नाहीं.

येथें आणखी एक धोका सांगितला पाहिजे, जो आमच्याही ध्यानांत उशिरां आला. नांवाबरोबर त्या नांवावरील ई-मेलही जातें. पालक आमच्या जुन्या पत्त्यावर जन्मदाखल्याच्या व आधार कार्डाच्या प्रती धाडीत असत. नांव परक्याच्या हातीं गेल्यावर त्या पत्त्यावर येणारें टपाल वाचणें त्याच्या इच्छेवर राहिलें. हें कळलें त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं प्रत्येक वर्गांत चिठ्ठ्या वांटून, जुन्या पत्त्यावर कांहींही धाडूं नये असें घरोघरीं कळविलें.

५. मराठींतील नांव

नांव मराठींत असूं शकतें काय, असें विद्यार्थी विचारतात. असूं शकतें. देवनागरी लिपींतील '.भारत' हा विभाग ऑगस्ट २०१४ मध्यें खुला झाला, व त्यांत मराठी व कोंकणी नांवेंही नोंदवितां येतात. मूळ यंत्रणेस रोमन अक्षरें, अंक व आडवी रेघ एवढेंच समजतें. म्हणून देवनागरी नांवाचें आंतल्या आंत रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळींत रूपांतर होतें, व पडद्यावर आपणांस मराठीच दिसतें. व्यापाऱ्यानें एक रोमन व एक मराठी अशीं दोन्ही नांवें एकाच जागेकडे वळवून ठेवलीं, तर दोन्ही प्रकारच्या ग्राहकांची सोय होते.

६. जागा कशी निवडावी

आतां होस्टिंगचा विचार करूं. जागेचे मुख्य प्रकार चार. पहिला सामाईक: एका सर्व्हरांत शेंकडों संकेतस्थळें, जशी चाळींतील बिऱ्हाडें. भाडें थोडें, पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली कीं आपलाही नळ बारीक वाहतो. दुसरा आभासी स्वतंत्र सर्व्हर: यंत्र एकच, पण प्रत्येकाचा वाटा बांधून दिलेला, जसा सोसायटींतील फ्लॅट. तिसरा संपूर्ण स्वतंत्र सर्व्हर, म्हणजे स्वतःचा बंगला. त्याची देखभालही बहुधा स्वतःच करावी लागते. चौथा क्लाउड: अनेक यंत्रांचा समुदाय, ज्यांतून लागेल तेवढी शक्ति घ्यावी व वापराप्रमाणें पैसे द्यावे. शाळा, दवाखाना, घरगुती उद्योग यांस पहिला प्रकार बहुधा पुरतो. मोठी जागा घेऊन ती रिकामी ठेवण्यांत भूषण नाहीं.

पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न लेखी विचारावे. पहिल्या वर्षाच्या सवलतीनंतर दुसऱ्या वर्षापासून भाडें किती? प्रत किती दिवसांनीं काढतां व ती परत देण्यास किती घेतां? सोडून जावयाचें झाल्यास सर्व मजकूर आमच्या हातीं कसा देतां? अडचणीच्या वेळीं मनुष्य बोलतो कीं नाहीं?

फुकट जागेचा मोह होतो, व शिकणाऱ्यास ती उपयोगीही पडते. पण ती दुसऱ्याच्या ओसरीवरील बसणें आहे हें विसरूं नये. जिओसिटीज नांवाच्या ठिकाणीं जगांतील असंख्य लोकांनीं आपलीं पानें फुकट मांडलीं होतीं. १९९९ सालीं याहू कंपनीनें तें विकत घेतलें, आणि २००९ सालीं अमेरिकेंतील तें सारें बंद केलें.

पैसे देऊन घेतलेली जागाही अभंग नसते. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरीं ओ. व्ही. एच. या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरांच्या इमारतीस पहांटे आग लागली व एक इमारत संपूर्ण जळाली. मनुष्यहानि झाली नाहीं. परंतु लक्षावधि संकेतस्थळें बंद पडलीं. ज्यांची प्रत अन्यत्र होती, ते उभे राहिले. ज्यांची प्रत त्याच इमारतींत होती, त्यांची प्रतही मूळाबरोबर गेली. यावरून एकच नियम ध्यानांत ठेवावा: प्रत मूळापासून दूर, व निदान एक तरी आपल्या स्वतःच्या हातीं असावी.

७. मालकानें पाळावयाचे नियम

सारांश, संकेतस्थळ करून घेणाऱ्या प्रत्येक पालकानें व संस्थेनें पुढील गोष्टी पाळाव्या.

(१) नांव कारागिराच्या नांवावर नव्हे, स्वतःच्या किंवा संस्थेच्या नांवावर नोंदवावें. गवंड्यानें घर बांधलें, म्हणून घर गवंड्याच्या नांवें होत नाहीं.
(२) नोंदीचा ई-मेल पत्ता बंद न पडणारा असावा, व तो त्याच नांवावर अवलंबून नसावा. नाहीं तर नांव बंद पडतांच सूचनाही बंद पडतील.
(३) आपोआप नूतनीकरण चालू ठेवावें; पण त्यावर विसंबूं नये, कारण कार्डाचीही मुदत संपते. तारीख भिंतीवरील कॅलेंडरांतही लिहावी.
(४) नांवास कुलूप लावावें, म्हणजे तें आपल्या संमतीवांचून दुसरीकडे हलवितां येत नाहीं. हलविण्याचा गुप्त संकेत कोणासही देऊं नये.
(५) नांव व जागा यांचे परवलीचे शब्द निदान दोन जबाबदार माणसांपाशीं असावे.
(६) महिन्यांतून एकदां सर्व मजकुराची प्रत काढून घरीं ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें पाहावें.

राहिली आमच्या शाळेची गोष्ट. जुनें नांव परत मिळालें नाहीं. त्या धारकानें मागितलेली रक्कम शाळेच्या ऐपतीबाहेरची होती, आणि ती देणें आम्हांस योग्यही वाटलें नाहीं. शिक्षणसंस्थांसाठीं राखलेल्या 'एज्यु.इन' या विभागांत नवें नांव मिळालें आहे. तेथें संस्थेचीं कागदपत्रें दाखवावीं लागतात, त्यामुळें तें वाटेल त्याच्या हातीं सहज जाणारें नाहीं.

मजकुराचें काय झालें? आमच्या त्या माजी विद्यार्थ्यास कळवितांच त्यानें मध्यरात्रीं परदेशांतून फोन केला. तो फार ओशाळला होता; त्याचेंच सांत्वन आम्हांस करावें लागलें. त्याच्या जुन्या संगणकांत पहिल्या तीन वर्षांचीं पृष्ठें सांपडलीं. कांहीं पृष्ठांच्या प्रती सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहांत मिळाल्या. ही संस्था १९९६ पासून जगांतील संकेतस्थळांच्या प्रती जतन करीत आली आहे. परंतु मधल्या चार वर्षांचीं स्नेहसंमेलनाचीं चित्रें, आणि आमच्या दिवंगत मुख्याध्यापकांचें निरोपाचें भाषण, हीं मिळालीं नाहींत. कोणापाशीं एखादी प्रत असेल, तर ती शाळेच्या कार्यालयांत अवश्य द्यावी.

आमच्या शाळेंत एक डेडस्टॉक रजिस्टर आहे. त्यांत प्रत्येक बांक, प्रत्येक नकाशा, घंटेचा हातोडासुद्धां क्रमांकासह लिहिलेला आहे, व दरवर्षीं त्याची मोजदाद होते. इतकीं वर्षें शाळेचें नांव जगापुढें मिरविणारी ही एक वस्तु मात्र त्यांत नव्हती. यंदा तिची नोंद झाली आहे: नांव, नोंदणीदार, मुदतीची तारीख, व जबाबदार दोघां शिक्षकांच्या सह्या. आपल्या घरीं अशी एखादी वही असेल, तर पालकांनींही आजच ही ओळ तींत लिहावी.